कॅलिफोर्नियात जुनं रिव्हॉल्व्हर कायदेशीर मार्गाने कसं घ्यायचं: वेब्ली मार्क सिक्सचं उदाहरण

कॅलिफोर्नियात राहून कलेक्शनसाठी जुनं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर घेता येतं का? येतं, आणि गंमत म्हणजे कित्येकदा नव्या कोऱ्या पिस्तुलापेक्षा शंभर वर्षं जुनं सोपं पडतं. लोकांना हे पटत नाही कारण कॅलिफोर्निया म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात एकच, तिथे काही मिळत नाही. मिळतं, फक्त क्रम सोडायचा नाही. आधी तुमची स्वतःची कागदपत्रं, मग त्या गनचा कायद्यातला प्रकार, मग डीलर आणि सगळ्यात शेवटी पैसे. आपले लोक नेमकं उलटं करतात, रात्री बारा वाजता ऑनलाइन लिलावात बोली लावून मोकळे होतात आणि दुसऱ्या दिवशी ती गन कोण घेणार म्हणून डीलर शोधत फिरतात.

सगळं हवेत बोलण्यापेक्षा एकच गन धरून चालतो, वेब्ली मार्क सिक्स. ब्रिटिश फौजेने १९१५ मध्ये घेतलेलं, .४५५ बोअरचं, सहा गोळ्यांचं, सहा इंची नळीचं, मधोमध मोडून उघडणारं दणकट रिव्हॉल्व्हर. बर्मिंगहॅमला वेब्लीने बनवलं, पुढे १९२१ पासून एनफिल्डच्या सरकारी कारखान्यातही काही वर्षं बनलं. मराठी माणसाला याचं आकर्षण का असतं हे वेगळं सांगायला नको, जुन्या फोटोतल्या गोऱ्या साहेबाच्या कमरेला दोरी लावून लटकलेलं असतं ते बहुतेक वेब्लीचंच कुठलंतरी मॉडेल. लुगर, पी३८, टोकारेव्ह, नागांत या जुन्या फौजी पिस्तूल-रिव्हॉल्व्हरांनाही खालचं जवळजवळ सगळं लागू पडतं, जिथे फरक आहे तिथे सांगतो.

आधी तुम्ही कोण आहात ते बघा

हा भाग कंटाळवाणा आहे पण इथेच सगळ्यात जास्त धोका आहे, आणि अमेरिकन लोकांनी लिहिलेल्या गाइडमध्ये हा एका ओळीत उरकलेला असतो कारण त्यांना गरजच नसते. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४, बी-२ अशा नॉनइमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला फेडरल कायद्याने गन घेता येत नाही, जवळही बाळगता येत नाही. कॅलिफोर्नियाचा इथे काही संबंध नाही, टेक्ससमध्ये राहिलात तरी हेच. याला एक अपवाद आहे, अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असेल तर ही बंदी लागू होत नाही, आणि काही देसी मंडळी त्याच रस्त्याने जातात सुद्धा. माझं मत विचाराल तर ग्रीन कार्डची रांग चालू असताना शंभर वर्षांच्या लोखंडासाठी या अपवादावर भरवसा ठेवू नये. अडजस्टमेंट म्हणजे ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज पेंडिंग आहे, ईएडी म्हणजे कामाचा परवाना हातात आहे, अशा मधल्या अवस्थेत असाल तर इमिग्रेशनच्या वकिलाला तासाची फी देऊन लेखी उत्तर घ्या, मित्राच्या मित्राने घेतली होती हे उत्तर नाही.

ग्रीन कार्डवाल्यांना आणि सिटिझनना घेता येते. पण ग्रीन कार्डवाल्यांनी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, इमिग्रेशन कायद्यात शस्त्राच्या गुन्ह्यासाठी वेगळं कलम आहे, गनची खरेदी, विक्री, बाळगणं, नेणं यातल्या कशाचाही कायदा मोडल्याबद्दल दोषी ठरलात तर डिपोर्टेशनची वेळ येऊ शकते. जन्माने अमेरिकन असलेल्या शेजाऱ्याला ज्या चुकीसाठी दंड होऊन सुटका होईल त्याच चुकीसाठी तुमचं इथलं अख्खं बिऱ्हाड उठू शकतं. त्यामुळे "चालतं हो, कोण बघतंय" असं सांगणारा नेमबाजीच्या रेंजवरचा दोस्त कितीही प्रेमळ असला तरी त्याचा सल्ला तुमच्यासाठी नाही.

अजून दोन गोष्टी. डीलरकडे एटीएफचा, म्हणजे फेडरल सरकारच्या शस्त्र खात्याचा, फॉर्म ४४७३ भरावा लागतो, त्यात गांजाबद्दल स्पष्ट प्रश्न आहे आणि कॅलिफोर्नियात दुकानात उघड मिळत असला तरी फेडरल फॉर्मवर त्याने काही फरक पडत नाही हे तिथेच छापलेलं असतं. खोटं लिहिणं हा वेगळा गुन्हा. आणि फॉर्मवर विचारतात की ही गन खरोखर तुमच्या स्वतःसाठी घेताय का. एच-१बीवरचा मेव्हणा पैसे देतोय आणि नाव तुमचं, याला स्ट्रॉ परचेस म्हणतात आणि त्यासाठी लोक तुरुंगात जातात, तेव्हा कितीही गळ घातली तरी नाही म्हणायचं. वय किमान २१ पाहिजे हे ओघाने आलंच.

जुनी गन सोपी का पडते

कॅलिफोर्नियात एक यादी आहे, तिला सगळे रोस्टर म्हणतात. २००१ पासून डीलरला नवं हँडगन विकायचं तर ते मॉडेल सरकारमान्य लॅबमधून पास होऊन या यादीत असावं लागतं, खाली पाडून बघतात, सलग गोळ्या झाडून बघतात, पुढे पिस्तुलांसाठी चेंबरमध्ये गोळी असल्याची खूण आणि मॅगझिन काढल्यावर गोळी न सुटण्याची सोय अशा अटी वाढत गेल्या. त्यामुळे इतर राज्यांत सर्रास मिळणारी कित्येक आधुनिक पिस्तुलं इथे दुकानात मिळत नाहीत. आता वेब्ली कंपनी १९१७ च्या रिव्हॉल्व्हरची तीन सॅम्पलं टेस्टिंगला पाठवणार आहे का? म्हणून कायद्यातच सवलत ठेवली आहे, फेडरल नियमांच्या व्याख्येप्रमाणे जी गन "क्युरिओ ऑर रेलिक" आहे, बोलताना सगळे सी अँड आर म्हणतात, तिला रोस्टर लागू नाही.

सी अँड आर ठरण्याचे तीन रस्ते आहेत. बनून किमान ५० वर्षं झालेली असणं, सरकारी म्युझियमच्या क्युरेटरने तसा दाखला देणं, किंवा दुर्मीळपणामुळे अथवा एखाद्या ऐतिहासिक व्यक्ती-घटनेशी संबंध असल्यामुळे तिची बरीचशी किंमत येत असणं. व्यवहारात ९९ टक्के वेळा पहिलाच रस्ता. हे ५० वर्षं दर वर्षी पुढे सरकतात, म्हणजे २०२५ मध्ये १९७५ ची गन बसते आणि पुढच्या वर्षी १९७६ ची. जुन्या गनची नवी नक्कल बसत नाही, आज इटलीत बनलेलं काउबॉय रिव्हॉल्व्हर दिसायला कितीही १८७३ चं असलं तरी ते नवंच, त्याला सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरची वेगळी सवलत आहे पण ती सी अँड आर नाही.

आणि गन मूळ रूपात असावी. नंतर कोणी नवी नळी घातली, बोअर बदललं, क्रोम चढवला तर डीलर सी अँड आर म्हणून घ्यायला कुरकुर करतो आणि ते बरोबरही आहे.

१८९८ किंवा त्याआधी बनलेली असेल तर ती "अँटिक" आणि तो प्रकारच निराळा, फेडरल कायद्याच्या खरेदी-विक्रीच्या नियमांत ती फायरआर्म म्हणून धरतच नाहीत, डीलर लागत नाही, थांबायला लागत नाही. वेब्लीची आधीची मार्क वन, मार्क टू ही मॉडेलं यात येऊ शकतात. मात्र साल सिद्ध करायची जबाबदारी तुमची, मॉडेल १८९४ मध्ये आलं म्हणजे तुमच्या हातातली १८९४ ची असं होत नाही, सिरियल नंबरवरून साल काढावं लागतं. आणि घेताना अँटिक असली तरी भरून खिशात घालून फिरायची मुभा मिळत नाही.

पिस्तूल बघत असाल तर मॅगझिन मोजा. दहापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन कॅलिफोर्नियात आणता येत नाही, गन सी अँड आर असली तरी मॅगझिनला तशी सूट मिळत नाही. लुगर, पी३८, टोकारेव्ह हे सगळे आठवाले, अमेरिकन १९११ मॉडेलचं पिस्तूल सातवालं, प्रश्न येत नाही. ब्राउनिंग हाय पॉवर मात्र १३ ची, तिथे विक्रेत्याला मॅगझिन काढून ठेवायला किंवा दहावालं द्यायला आधीच सांगावं लागतं. नळीच्या टोकाला आटे असलेलं सेमी-ऑटो पिस्तूल आणि मागे लाकडी दस्ता जोडता येणारी माउझर किंवा लुगर, यांच्या वाटेला पहिल्याच खरेदीत जाऊ नका. रिव्हॉल्व्हरमध्ये यातलं काहीच नाही म्हणून मी नवख्याला रिव्हॉल्व्हरच सांगतो.

गन निवडताना

वेब्ली मार्क सिक्समध्ये एक मोठी फूट आहे आणि ती माहीत नसेल तर पैसे जातात. दुसऱ्या महायुद्धानंतर ढिगाने वेब्ली अमेरिकेत आल्या, पण .४५५ ची गोळी इथे कुठे मिळणार, म्हणून विक्रेत्यांनी सिलिंडरची मागची बाजू थोडी खरवडून कमी केली म्हणजे .४५ एसीपीची गोळी अर्ध्या चंद्रासारख्या क्लिपमध्ये लावून बसते. याला शेव्ह्ड सिलिंडर म्हणतात. बाजारात शेव्ह्डच जास्त दिसतात, मूळ .४५५ वाल्यांना भाव जास्त. विक्रेत्याला सरळ विचारा शेव्ह्ड आहे की नाही, आणि सिलिंडर बंद असताना मागच्या फटीचा फोटो मागा, फट जरा जास्तच मोकळी दिसली तर समजा खरवडलेली आहे.

नुसतं कलेक्शनच्या किमतीचं नाही, यात जिवाचाही प्रश्न आहे. .४५५ वेब्ली गोळीचं प्रेशर साधारण १३,००० पीएसआयच्या आसपास, दुकानातल्या .४५ एसीपीची कमाल मर्यादा २१,०००. गोळी बसते, उडते, दहा वेळा काही होत नाही आणि लोकांना वाटतं चालतंय. ती गन या प्रेशरसाठी बनलेलीच नाही. शेव्ह्ड घेतलीत तर हलक्या भरणीची गोळी वापरणारे लोक आहेत, ते स्वतः भरतात, पण दुकानातला साधा .४५ एसीपीचा डबा वेब्लीत घालायचा नाही म्हणजे नाही. शेव्ह्ड गन सी अँड आर म्हणून पास करायला काही डीलर आढेवेढे घेतात हेही आहेच. माझं म्हणाल तर दोन वर्षं जास्त थांबा, पण मूळ सिलिंडरवाली घ्या.

बाकी बघायचं ते असं. फ्रेम, नळी आणि सिलिंडर यांचे नंबर जुळतात का. उघडायचा खटका बंद केल्यावर नळी आणि फ्रेम यांच्यात हलतं का, हाताने हलवून कडकड वाजत असेल तर सोडून द्या. घोडा पूर्ण मागे असताना सिलिंडर घट्ट बसतं का. नळीत गंज आहे की नुसता जुना मळ. फ्रेमवर साल असतं, तेच तुमचा सी अँड आरचा पुरावा, त्याचा स्वच्छ फोटो घ्या, पुढे कामाला येणार आहे. ब्रिटिश सरकारी मालावरच्या बाणाच्या खुणेबरोबर आय अक्षर असेल तर ती एकेकाळी हिंदुस्थान सरकारची मालमत्ता होती असं समजतात, अशा खुणा शोधायला आपल्याला मजा येते आणि विक्रेत्यालाही ते कळतं, ग्राहक भारतीय दिसला की गोष्ट सुरू होते की ही मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात होती वगैरे. कुतला १९१५-१६ मध्ये सहावी पूना डिव्हिजन अडकली होती, मराठा पलटणी त्यात होत्या, हे सगळं खरं. पण पाठीच्या पट्टीवर रेजिमेंटचा शिक्का नाही, सोबत एकही जुना कागद नाही, आणि फ्रेमवर साल १९१८, तर त्या गोष्टीचे जास्तीचे पैसे कशाला द्यायचे?

नव्याने काळी केलेली गन लांबून फार सुंदर दिसते. अक्षरांच्या कडा बोथट झाल्या असतील तर घासून रंगवली आहे, कलेक्टरच्या दृष्टीने अर्धी किंमत तिथेच गेली. झिजलेली पण मूळ बरी.

कुठून घ्यायची आणि डीलरशी काय बोलायचं

मार्ग तीन. एक, कॅलिफोर्नियातल्याच डीलरच्या शोकेसमधून. दोन, कॅलिफोर्नियातल्याच दुसऱ्या माणसाकडून, याला प्रायव्हेट पार्टी ट्रान्सफर म्हणतात, पण तोही दोघांनी मिळून डीलरच्या काउंटरवर जाऊनच करायचा, पार्किंग लॉटमध्ये पैसे देऊन गन घेणं हा गुन्हा आहे. तीन, राज्याबाहेरून, म्हणजे गनब्रोकरसारखी साइट किंवा रॉक आयलंड, मॉर्फी यांच्यासारखी लिलावघरं.

पहिल्या मार्गात डोकेदुखी कमी, माल कमी, आणि १ जुलै २०२४ पासून डीलरच्या विक्रीवर राज्याचा ११ टक्के एक्साइज कर आहे तो किमतीत येतो. दुसऱ्या मार्गात डीलरला स्वतःच्या कामाचे एका गनमागे दहा डॉलरच घेता येतात, वर सरकारी फी. हा मार्ग मला सगळ्यात आवडतो कारण गन हातात घेऊन बघता येते आणि जुने कलेक्टर भेटतात, त्यांच्याकडून जे शिकायला मिळतं ते कुठे लिहिलेलं नसतं.

तिसऱ्या मार्गावर बहुतेक लोक जातात आणि तिथेच अडकतात. राज्याबाहेरची हँडगन तुमच्या घरी येत नाही, ती तुमच्या कॅलिफोर्नियातल्या डीलरकडे येते. पाठवणारा लायसन्सवाला असेल तर त्याला आधी कॅलिफोर्निया डीओजेच्या, म्हणजे राज्याच्या न्याय खात्याच्या, सिस्टिममध्ये जाऊन तुमच्या डीलरसाठी एक अप्रूव्हल नंबर काढावा लागतो, याला सीएफएलसी म्हणतात, आणि याच कटकटीमुळे कितीतरी विक्रेते "कॅलिफोर्नियाला पाठवत नाही" असं लिहूनच टाकतात. त्यांना नम्रपणे मेल करा, गन सी अँड आर आहे, रिव्हॉल्व्हर आहे, माझा डीलर तयार आहे, नंबर ऑनलाइन निघतो. बरेच जण ऐकतात. नाही ऐकलं तर वाद घालू नका, त्यांचा माल.

त्याआधी तुमच्या डीलरला चार गोष्टी विचारा, शक्यतो ईमेलवर म्हणजे उत्तर लेखी राहतं. सी अँड आर हँडगन रोस्टरच्या बाहेर असताना ट्रान्सफर करता का? पाठवणारा लायसन्स नसलेला साधा माणूस असेल तर पार्सल स्वीकारता का? तुमची ट्रान्सफर फी किती? यावर सेल्स टॅक्स लावणार का? पहिल्याच प्रश्नाला काउंटरवरचा पोरगा "रोस्टरवर नाही म्हणजे नाही" म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत न घालता मॅनेजरला फ्रेमवरच्या सालाचा फोटो आणि कायद्यातलं सवलतीचं कलम दाखवा, पीनल कोड ३२०००. तरी नको म्हणाला तर दुसरा डीलर. मोठ्या साखळी दुकानांपेक्षा गावाकडचा म्हातारा डीलर या कामाला बरा, त्याने अशा पन्नास गन पाहिलेल्या असतात. सॅन फ्रान्सिस्को शहरात शोधत बसू नका, तिथलं शेवटचं गनचं दुकान २०१५ मध्येच बंद झालं.

लिलावघरात बोली लावताना बायर्स प्रीमियम धरून हिशोब करा. हातोडा पडला त्या रकमेवर टक्केवारीने प्रीमियम, वर शिपिंग, विमा, मग इथल्या डीलरची फी, मग सरकारी फी. स्वस्त पडली म्हणून उड्या मारल्या आणि शेवटी शोकेसमधलीच परवडली असती असं व्हायला वेळ लागत नाही.

काउंटरवरचा दिवस

जायच्या आधी फायरआर्म सेफ्टी सर्टिफिकेट काढून ठेवा, एफएससी. फी २५ डॉलर, ३० प्रश्न, २३ बरोबर यायला पाहिजेत, पाच वर्षं चालतं. डीओजेची अभ्यासपुस्तिका फुकट आहे, एक संध्याकाळ वाचली की आपल्यासारख्या परीक्षांवर वाढलेल्या लोकांना काही अवघड नाही. परीक्षा डीलरच्या दुकानातच होते.

कागद काय लागतात? कॅलिफोर्नियाचं ड्रायव्हिंग लायसन्स, त्यावरचा पत्ता आत्ताचा पाहिजे. लायसन्स रिअल आयडी नसेल आणि त्यावर "फेडरल लिमिट्स अप्लाय" छापलेलं असेल तर सोबत पासपोर्ट किंवा तसा दुसरा पुरावा. हँडगनसाठी राहण्याचा वेगळा पुरावा, वीज-पाण्याचं गेल्या तीन महिन्यांतलं बिल, घराचा भाडेकरार, असलं काहीतरी. मोबाइलचं बिल चालत नाही. सिटिझन नसाल तर ग्रीन कार्ड, त्यावरचा नंबर फॉर्मवर लागतो.

आणि नाव! आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, ते ग्रीन कार्डवर एका जागी, लायसन्सवर आद्याक्षर, बिलावर गायब. बॅकग्राउंड चेकमध्ये अशा नावांनी अडकायला होतं. फॉर्म भरताना लायसन्सवर जसं आहे अगदी तसंच लिहा, आणि सगळीकडे एकच नाव करून घेता येत असेल तर ते काम गन घ्यायच्या आधी डीएमव्हीत, म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्सच्या ऑफिसात, उरका.

मग ४४७३, राज्याची नोंद जिला सगळे डीआरओएस म्हणतात, उजव्या अंगठ्याचा ठसा. सरकारी फी २०२० पासून ३७.१९ डॉलर. त्यानंतर दहा दिवस थांबायचं, दहा म्हणजे चोवीस तासांचे पूर्ण दहा, संध्याकाळी पाचला सही केली तर दहाव्या दिवशी संध्याकाळी पाचनंतर. डीओजेला काही खुलासा हवा असेल तर हे लांबून तीस दिवसांपर्यंत जाऊ शकतं, घाबरू नका, नावसाधर्म्याने सुद्धा होतं. उलट तुम्हीच भारतात जाणार असाल तर तारखा बघून सही करा, कारण ठरलेल्या मुदतीत गन उचलली नाही तर सगळं रद्द होऊन नव्याने फी भरावी लागते.

गन देताना सेफ हँडलिंग डेमो घेतात, डमी गोळी घालून भरणं, रिकामं करणं, कुलूप लावणं. वेब्ली मोडून उघडते, आजकालच्या पोरांनी असली गन हाताळलेली नसते, त्यामुळे खटका कुठे आहे हे दाखवायची वेळ कधीकधी तुमच्यावर येते. शांतपणे, बोट ट्रिगरबाहेर, नळी सुरक्षित दिशेला. उघडली की सगळ्या गोळ्या एकदम बाहेर उडतात हे लक्षात ठेवा, नवखा माणूस दचकतो. राज्याने मान्य केलेलं कुलूप सोबत घ्यावं लागतं किंवा घरी मान्य तिजोरी असल्याचं लिहून द्यावं लागतं.

कलेक्टर लायसन्स काढावं का

एकच वेब्ली घ्यायची असेल तर नाही. तीन-चार घ्यायचा विचार असेल तर हो, आणि मग दोन्ही काढा, अर्धवट नको. पहिलं फेडरल, टाइप ०३ एफएफएल म्हणजे फेडरल फायरआर्म्स लायसन्स, तीन वर्षांना ३० डॉलर, अर्जाची एक प्रत गावच्या पोलिस प्रमुखाला जाते. दुसरं कॅलिफोर्नियाचं सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी, सीओई, त्यासाठी लाइव्ह स्कॅनला जाऊन बोटांचे ठसे द्यायचे आणि दरवर्षी रिन्यू करायचं. नुसतं ०३ घेऊन कॅलिफोर्नियात फारसा उपयोग नाही, सीओई जोडीला असेल तर सी अँड आर गनवर दहा दिवसांचं थांबणं जातं, एफएससीचीही गरज राहत नाही.

पण गैरसमज फार. हे लायसन्स धंद्यासाठी नाही, घेऊन लगेच नफ्यात विकायचं काम सुरू केलं तर तो बिनलायसन्सचा डीलर झाला. आणि राज्याच्या आतली हँडगन यानेही थेट घरी घेता येत नाही, डीलरमार्फतच. राज्याबाहेर स्वतः जाऊन आणली तर पाच दिवसांत डीओजेला कळवायचं असतं, या रस्त्याने जायच्या आधी डीओजेचा फॉर्म नीट वाचा. शिवाय एक वही ठेवावी लागते, गन कधी आली, कोणाकडून, नंबर काय, कधी गेली, आणि एटीएफला ती तपासायचा अधिकार आहे. वह्या टापटीप ठेवायची सवय नसेल तर या भानगडीत पडू नका.

घरी आणल्यावर

१ जानेवारी २०२६ पासून कॅलिफोर्नियात घरातली गन अंगावर किंवा हाताशी नसेल तेव्हा राज्याच्या यादीतल्या कुलूपबंद पेटीत किंवा तिजोरीत ठेवणं सक्तीचं आहे. भिंतीवर लावायची हौस असेल तर ती इथेच सोडा. शहरांचे आपापले नियम वेगळे, सनीवेलमध्ये २०१३ पासून स्वतःचे साठवणुकीचे आणि चोरी कळवायचे नियम आहेत, सॅन होजेने २०२३ पासून विमा मागायला सुरुवात केली. आपली अर्धी मराठी वस्ती याच दोन गावांत आहे म्हणून मुद्दाम सांगतोय. गाडीतून रेंजवर नेताना रिकामी, कुलूपबंद पेटीत किंवा डिकीत; पुढचा ग्लव्ह बॉक्स त्यात धरत नाहीत.

घरातली माणसं. नवरा ग्रीन कार्डवर आणि बायको अजून नॉनइमिग्रंट व्हिसावर, किंवा उलट, अशी घरं भरपूर आहेत, तिथे तिजोरीची किल्ली आणि कोड फक्त ज्याच्या नावावर गन आहे त्याच्याकडेच. आणि आई-बाबा सहा महिने बी-२ वर आले की त्यांना सगळं दाखवायची आपल्याला हौस असते, पण रेंजवर नेऊन बाबांच्या हातात रिव्हॉल्व्हर द्यायचं नाही. तेही नॉनइमिग्रंटच, वरचा सगळा नियम त्यांनाही लागू.

गोळ्यांचं म्हणाल तर २०१९ पासून कॅलिफोर्नियात गोळ्या घेतानाही दरवेळी चेक असतो, त्यावर कोर्टात भांडणं चालू आहेत त्यामुळे जायच्या दिवशी दुकानात फोन करून विचारा. .४५५ ची गोळी मिळते पण महाग आणि कधीमधी. फौजेने विकायला काढलेल्या जुन्या सरप्लसच्या ढिगात बुडावर के एफ असा शिक्का असलेली काडतुसं दिसली तर ती आपल्या पुण्याच्या खडकीची. बघून ऊर भरून येतो, दोन-चार कलेक्शनला ठेवायला छान, पण खडकीचा जुना सरप्लस माल झाडण्यासाठी इथल्या कलेक्टरांत मुळीच नावाजलेला नाही, उशिरा पेटणं, न पेटणं हे प्रकार होतात. झाडू नका.

कॅलिफोर्निया सोडून

न्यू जर्सीवाल्यांना, म्हणजे एडिसनकरांना, रोस्टर नाही पण दर हँडगनला पोलिसांकडून वेगळं परमिट, ते ९० दिवस चालतं, वाढवून घेता येतं. त्यामुळे तिथे परमिट हातात आल्याशिवाय बोलीच लावायची नाही. मेरीलँडला यादी आहे पण १९८५ च्या आधी बनलेल्या हँडगनला ती लागू नाही, क्वालिफिकेशन लायसन्स मात्र बघा. न्यूयॉर्कला आधी पिस्तूल लायसन्स आणि मग त्यावर एकेक गन चढवायची, आधी गन पसंत करून मग लायसन्सच्या मागे लागलात तर विक्रेता थांबणार नाही.

राहता राहिला भारताचा विषय. वेब्ली मायदेशी न्यायचं डोक्यातून काढा, तिकडे आर्म्स ॲक्ट, .४५५ प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं, आणि इकडून बाहेर काढायलाही एक्सपोर्टचे नियम आहेत. कायमचं परत जायचं ठरलं तर तिकीट काढायच्या बरंच आधी गन विकायला काढा, प्रायव्हेट पार्टी ट्रान्सफरलाही तेच दहा दिवस लागतात आणि चांगला ग्राहक मिळायला त्याहून जास्त. भावाकडे किंवा मित्राकडे "ठेवायला" देऊन जायचं नाही. आणि सुट्टीला जात असाल तर रेंजवर नेलेली सॅक प्रवासाला वापरूच नका. तळाच्या कप्प्यात राहिलेलं एखादं काडतूस मुंबईच्या विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसलं की आर्म्स ॲक्टची केस होते, मग ते विसरून राहिलं होतं हे पटवायला वकील लागतो आणि सुट्टी कोर्टात जाते. रेंजसाठी एक वेगळी, भडक रंगाची बॅग ठेवा आणि ती गॅरेजमधून हलवूच नका.